तीन कुलुपांची पेटी

'वॉर्डन' हा शब्द ऐकला की हॉस्टेलवाल्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते इथे लिहीत नाही, कारण हे मॅगझीन स्टाफरूममध्येही वाचलं जातं. पण या शब्दाचा एक चुलतभाऊ इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत पाचशेहून जास्त वर्षं नांदतो आहे. त्याचं नाव चर्चवॉर्डन. नाव चर्चचं असलं तरी हा माणूस पाद्री नव्हे. कुणी शेतकरी, कुणी गिरणीवाला, क्वचित एखादी विधवा बाई. गावाने त्याला वर्षभरासाठी निवडायचं, पगार शून्य, आणि वर्ष संपलं की सगळ्यांसमोर हिशेब द्यायचा. चर्चचं गळकं छप्पर, घंटेचा दोर, मेणबत्त्यांचं मेण ही त्याची कामं. इथपर्यंत ठीक होतं. पण हळूहळू सरकारने गावाचा बाकीचा कारभारही याच माणसाच्या डोक्यावर आणून ठेवला. मग देवाचं काम कुठे संपतं आणि गावाचं कुठे सुरू होतं, हे कुणालाच सांगता येईना. हा गुंता सोडवायला इंग्लंडला १८९४ साल उजाडावं लागलं, आणि तरीही तो पूर्ण सुटला नाही.

"तू सिव्हिलची, तुला चर्चच्या कारभाराशी काय देणंघेणं?" असं एका मैत्रिणीने विचारलंच. देणंघेणं आहे. एक म्हणजे इंग्लंडमधल्या खेड्यांतले रस्ते जवळजवळ तीनशे वर्षं या पॅरिशच्याच गळ्यात होते. दुसरं कारण आपल्या मेसच्या बिलात आहे. त्याच्याकडे येतेच.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेच्या कंपाउंडमध्येच चर्च, त्यामुळे पॅरिश म्हणजे फादर, नाताळचा गोठा आणि रविवारची घंटा, एवढंच डोक्यात बसलेलं. माझी रूममेट वसईची. तिच्याकडे मराठीत पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात. मला हा शब्द फार आवडला, कारण सगळी गोष्ट त्याच्यातच आहे. 'धर्म' आणि 'ग्राम' हे दोन शब्द एकमेकांना चिकटलेले. वसईत ते फक्त शब्दातच चिकटलेले आहेत. तिथे चर्चची पॅरिश कौन्सिल वेगळी आणि पाण्याची पाइपलाइन बघणारी ग्रामपंचायत किंवा महापालिका वेगळी. इंग्लंडमध्ये मात्र ते खरोखरच चिकटलेले होते.

डेव्हन परगण्यात मोरबाथ नावाचं एक छोटं खेडं आहे. सोळाव्या शतकात तिथे जेमतेम ३३ कुटुंबं राहत होती. सर ख्रिस्तोफर ट्रिकी नावाचा पाद्री १५२० ते १५७४ अशी तब्बल ५४ वर्षं तिथे होता (त्या काळी पाद्र्यांनाही 'सर' म्हणत, आपल्या प्रोफेसरांसारखंच). या माणसाने गावाचे हिशेब स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. एमन डफी या इतिहासकाराने २००१ साली त्यांच्यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. हिशेबाच्या वहीवर पुस्तक म्हणजे किती रटाळ असेल असं वाटतं ना? पण त्या वहीत सगळं गाव आहे. चर्चच्या मालकीच्या मेंढ्या घराघरांत वाटून पाळायला दिलेल्या, कुठली मेंढी कुणाकडे, कुणाची मेली, लोकर किती निघाली. गावातल्या तरुण मुलांचा एक निधी, अविवाहित मुलींचा दुसरा. मुलींच्या निधीला मुलींचेच वॉर्डन! वॉर्डनपद घरटी पाळीने फिरायचं आणि त्यातून गरीब किंवा विधवा सुटत नसे. १५४९ साली नवीन प्रार्थनापुस्तकाविरुद्ध बंड झालं तेव्हा या एवढ्याशा गावाने पाच तरुणांना शस्त्रं आणि खर्ची देऊन बंडवाल्यांच्या छावणीत पाठवलं, आणि तो खर्चसुद्धा याच वहीत मांडला! हा खर्च धर्माचा म्हणायचा की राजकारणाचा? मोरबाथच्या लोकांना हा प्रश्न कळलाच नसता.

मला या व्यवस्थेचा राग येत नाही, थोडा हेवाच वाटतो. वर्षाच्या शेवटी सगळ्यांसमोर मोठ्याने हिशेब वाचायचा आणि पुढच्या वर्षी तुझी पाळी, मग माझी. आपल्याकडे मेस सेक्रेटरी व्हायला कुणी तयार होत नाही आणि जो होतो त्याच्यावर सगळे संशय घेतात. असो.

गुंता वाढला तो सरकारमुळे. राजाकडे गावोगावी माणसं नव्हती, नोकरशाही नव्हती. होतं ते फक्त चर्च, जे प्रत्येक गावात होतं. मग जे काम निघेल ते पॅरिशकडे ढकलायला सुरुवात झाली. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने जन्माचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी आणि ती कुलुपाच्या पेटीत जपावी. पुढे १६०३-०४ च्या नियमांत या पेटीला तीन कुलुपं सांगितली. एक किल्ली पाद्र्याकडे, बाकीच्या दोन्ही चर्चवॉर्डनांकडे एकेक. तिघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायचीच नाही. त्या काळात पासवर्ड, ओ.टी.पी. काही नव्हतं, पण डोकं तेच.

१५५५ साली हायवे अॅक्ट आला. प्रत्येक पॅरिशने दोन सर्व्हेयर निवडायचे आणि गावातल्या प्रत्येक घराने वर्षातून चार दिवस रस्त्यावर फुकट राबायचं. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याने बैलगाडी किंवा घोडागाडी आणि दोन माणसं पाठवायची. १५६३ साली चाराचे सहा दिवस झाले. आता सर्व्हेयर म्हटल्यावर आपल्याला थिओडोलाइट आठवतं. हा बिचारा साधा शेतकरी. त्याला लेव्हल माहीत नाही, ड्रेनेज माहीत नाही, आणि राबणारे त्याचेच शेजारी. खड्ड्यात दगड टाकले, वर माती ओढली, संध्याकाळी घरी. पुढच्या पावसात खड्डा परत हजर. (हे वाचून कुणाला आपल्या कॉलेज रोडची आठवण झाली तर मी जबाबदार नाही.) वाहतूक वाढल्यावर हे जमेना, म्हणून १६६३ पासून टोलचे रस्ते आले आणि पुढे मॅकअॅडमसारखी पगारी, जाणकार माणसं. पॅरिशच्या रस्त्यांवरची ही सक्तीची मजुरी मात्र १८३५ पर्यंत टिकली.

याशिवाय चिमण्या आणि साळिंदराचा छोटा भाऊ म्हणता येईल असा तो काटेरी हेजहॉग मारून आणला तर चर्चवॉर्डनने पैसे द्यायचे. हेजहॉगच्या डोक्याला दोन पेन्स! रात्री गाईचं दूध पितो अशी लोकांची समजूत. १७०८ साली लंडनच्या पॅरिशांना आगीचे बंबही ठेवायला लावले. म्हणजे फायर ब्रिगेडही चर्चकडे.

पण सगळ्यांत जड काम १६०१ च्या गरिबांच्या कायद्याने आलं. चर्चवॉर्डन आणि गावातले दोन ते चार बऱ्या परिस्थितीतले गृहस्थ मिळून 'ओव्हरसियर' व्हायचे. त्यांनी घराघरावर कर बसवायचा आणि त्यातून म्हातारे, अपंग, अनाथ यांना सांभाळायचं, धडधाकटांना काम द्यायचं. कायद्याने प्रत्येक गावाला आपल्या गरिबांची जबाबदारी घ्यायला लावणं ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती. पण जबाबदारी आली की 'आपला कोण आणि परका कोण' हेही आलं. १६६२ च्या कायद्याने वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्यात राहायला आलेल्या नवख्याला चाळीस दिवसांच्या आत मूळ गावी हाकलता येऊ लागलं. १६९७ साली मदत घेणाऱ्याने उजव्या बाहीवर खांद्यापाशी लाल किंवा निळ्या कापडाचं 'पी' हे अक्षर आणि पॅरिशचं पहिलं अक्षर लावून फिरावं असा नियम झाला. म्हणजे पी फॉर पॉपर, भिकारी. रविवारी चर्चमध्ये शेजारी बसणारा माणूसच सोमवारी तुमच्या बाहीवरची पट्टी तपासणार. हे वाचताना मोरबाथचा हेवा माझा बराच कमी झाला.

या सगळ्याचे निर्णय ज्या सभेत व्हायचे तिचं नाव 'वेस्ट्री'. मूळ अर्थ, पाद्र्याचे झगे ठेवायची खोली. सभा तिथे भरायची म्हणून सभेलाच खोलीचं नाव पडलं. अध्यक्ष कोण? पाद्री, आपोआप. निवडणूक नाही, मतदान नाही. खोली त्याची, खुर्ची त्याची.

इथे खरी मेख आहे. कर सगळे भरत होते. पण सगळे त्या चर्चचे नव्हते. बाप्टिस्ट होते, क्वेकर होते, मेथॉडिस्ट होते, कॅथलिक होते, ज्यू होते. यांची प्रार्थना दुसरीकडे, त्या जागेचा खर्च ते स्वतः करत, आणि वर पॅरिश चर्चच्या छपरासाठी 'चर्च रेट' नावाचा करही भरत. म्हणजे डबल बिल.

आता मेसकडे येते. आपल्या मेसच्या सप्टेंबरच्या बिलात एक ओळ असते, 'उत्सव निधी'. रक्कम मोठी नाही, दोन वडापाव आणि एका सिनेमाच्या तिकिटाएवढी. ती कुणी विचारून घेत नाही, बिलातच येते. न भरता बिल भरता येत नाही आणि बिल न भरता नो ड्यूज मिळत नाही. यंदा विंगमध्ये एकीने विचारलं, "मी हे न भरलं तर?" उत्तर मिळालं, "एवढ्याशा पैशांसाठी काय गं? गणपती सगळ्यांचा असतो." विचारणारी मुलगी गप्प बसली. ती कोण, कुठल्या धर्माची, हे मी लिहिणार नाही. खरं तर त्याने काही फरकही पडत नाही. मला स्वतःला आरतीत टाळ वाजवायला मनापासून आवडतं, उकडीच्या मोदकांसाठी मी रांगेत पहिली असते.

'एवढ्याशा पैशांसाठी' हेच उत्तर इंग्लंडमध्येही दिलं जात होतं. चेम्सफर्ड गावात जॉन थोरोगुड नावाचा एक चांभार होता. चर्च रेटचे काही शिलिंग भरायला त्याने नकार दिला, चर्चच्या कोर्टात हजर व्हायलाही नकार दिला, आणि १८३९ साली तो तुरुंगात गेला. दीड वर्षाहून जास्त काळ आत होता. काही शिलिंगांसाठी? नाही. माझ्या खिशातला पैसा माझ्या नसलेल्या देवळासाठी सक्तीने का, या प्रश्नासाठी. त्याच एसेक्स परगण्यात ब्रेंट्री गावी १८३७ साली वेस्ट्रीत बहुमताने चर्च रेट नाकारला गेला, तरी चर्चवॉर्डनांनी आपल्या अधिकारात तो बसवलाच. रेशीम गिरणीवाला सॅम्युएल कोर्टोल्ड विरोधकांच्या पुढे उभा राहिला. खटला चालला, चालला, आणि १८५३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की बहुमताशिवाय बसवलेला कर बेकायदा. सोळा वर्षं! आपली बॅकलॉगची केसही इतकी लांबत नाही.

पाद्री म्हणजे खलनायक आणि लोक म्हणजे बिचारे, असं मात्र समजू नका. लंडनच्या बेथनल ग्रीन भागात जोसेफ मर्सेरॉन नावाचा एक माणूस होता. पाद्री नव्हे, कुणी संतही नव्हे. पॅरिशच्या गरिबांचा पैसा याच्या हातात. सभा उघडी होती, सगळ्या करदात्यांना प्रवेश होता, पण हा स्वतःची माणसं आणून आरडाओरडा करून हवं ते मंजूर करून घ्यायचा. त्याच्याविरुद्ध कोर्टात गेला तो तिथला रेक्टर जोशुआ किंग. १८१८ साली गरिबांचा निधी हडपल्याबद्दल मर्सेरॉनला शिक्षा झाली, दीड वर्षं तुरुंग. त्याच साली पार्लमेंटने गोंधळावर उपाय म्हणून कायदा केला, पण उपाय कसा? ज्याची मालमत्ता जास्त त्याला मतं जास्त, एका माणसाला सहापर्यंत! म्हणजे आरडाओरडा बंद करायला श्रीमंतांना माइक दिला.

मग एकेक गाठ सुटत गेली. १८३४ साली गरिबांचं काम पॅरिशांच्या गटांकडे आणि निवडलेल्या मंडळांकडे गेलं. १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यूची नोंद सरकारी रजिस्ट्रारकडे. १८६६ साली कायद्याने पॅरिशची नवी व्याख्या केली, जिथे गरिबांचा कर वेगळा बसतो ती पॅरिश. चर्चचा त्यात उल्लेखही नाही. इथून 'सिव्हिल पॅरिश' ही वेगळी चीज झाली. (सिव्हिल म्हणजे नुसतं काँक्रीट नव्हे, हे आमच्या ब्रँचने लक्षात घ्यावं.) १८६८ साली ग्लॅडस्टनच्या विधेयकाने चर्च रेटची सक्ती गेली.

या १८६८ च्या कायद्यावर मला जरा थांबायचं आहे. त्याने चर्च रेट बंद केला नाही, फक्त सक्ती काढली. ज्याला भरायचा त्याने खुशाल भरावा. आणि जो भरणार नाही त्याला त्या पैशांच्या खर्चावर मत देता येणार नाही. किती साधं! चर्चची छपरं काही दुसऱ्या दिवशी कोसळली नाहीत. लोकांनी वर्गणी दिली, आणि चर्चवाल्यांना शेजाऱ्याला तुरुंगात पाठवण्याच्या पापातून सुटका मिळाली. माझ्या मते त्या कायद्याचा जास्त फायदा चर्चलाच झाला.

शेवटची मोठी गाठ १८९४ च्या कायद्याने सोडवली. तीनशे किंवा जास्त वस्तीच्या प्रत्येक ग्रामीण पॅरिशला निवडलेली पॅरिश कौन्सिल मिळाली, आणि वेस्ट्रीचे गावकीचे सगळे अधिकार तिच्याकडे गेले. चर्चचे चर्चकडेच राहिले. ग्लॅडस्टन ८४ वर्षांचा होता. १ मार्च १८९४ ला त्याने हाउस ऑफ कॉमन्समध्ये शेवटचं भाषण केलं ते याच विधेयकावर लॉर्ड्सनी घातलेल्या खोड्यांबद्दल. बायका, लग्न झालेल्या असोत वा नसोत, कौन्सिलवर निवडून येऊ शकत होत्या. पार्लमेंटसाठी साधं मत द्यायला त्यांना अजून चोवीस वर्षं थांबायचं होतं. डिसेंबरमध्ये पहिल्या निवडणुका झाल्या तेव्हा शेतमजूरही निवडून आले. आणि पाद्री? उभे राहिले, काही निवडूनही आले. पण मतं मागून.

या कायद्यात जागेचाही विचार आहे. सभेसाठी गावच्या शाळेची खोली फुकट वापरता येईल, आणि दुसरी जागा परवडतच नसेल तरच दारूच्या दुकानात सभा घ्यावी. म्हणजे झग्यांच्या खोलीतून कारभार शाळेच्या बाकांवर आला. मला हे कलमांपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडेही कितीतरी गावांत ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात भरते. सावली असते, जागा मोठी असते, हेतू वाईट नसतो. पण ज्याच्या आजोबांना त्या देवळाची पायरी चढू दिली नव्हती तो माणूस तिथे रेशनच्या प्रश्नावर किती मोठ्याने बोलेल?

गुंता पूर्ण सुटला नाही असं मी वर म्हटलं. त्याच डेव्हनमधल्या बिडफर्ड टाउन कौन्सिलमध्ये सभेच्या अजेंड्यावरच प्रार्थना असायची. त्यावर केस झाली. २०१२ साली हायकोर्टाने सांगितलं की कायद्यात कौन्सिलला तसा अधिकारच नाही. मग २०१५ साली पार्लमेंटने कायदा करून तो अधिकार दिला. चर्चच्या दुरुस्तीला पॅरिश कौन्सिलने पैसे द्यावेत की नाही याबद्दल १८९४ च्या कायद्यामुळे शंका होती, ती २०२३ च्या कायद्याने दूर केली, देता येतात. माझा याला विरोध नाही. निवडलेल्या लोकांनी, मत घेऊन, उघड नोंद करून दिलेला पैसा आणि बिलात गुपचूप घातलेली ओळ यात फरक आहे.

आणि एक गंमत. चर्चवॉर्डन अजूनही निवडले जातात, आणि त्या सभेत त्या पॅरिशमध्ये राहणाऱ्या, स्थानिक मतदारयादीत नाव असलेल्या कुणालाही मत देता येतं. धर्म विचारत नाहीत. म्हणजे आपला एखादा आय.टी.वाला सीनिअर तिकडे राहायला गेला, यादीत नाव घातलं, तर घरी सत्यनारायण घालून दुपारी चर्चवॉर्डनला मत देऊन येऊ शकतो.

पुढच्या मेस मीटिंगला मी दोन गोष्टी मांडणार आहे. 'उत्सव निधी'ची ओळ बिलातून काढावी आणि गणपतीचं वेगळं पावतीपुस्तक करावं, ज्याला द्यायचं तो देईल, आणि हिशेब डायनिंग हॉलच्या बोर्डावर लागेल. ईदच्या शीरखुर्म्याचं किंवा नाताळच्या केकचं पावतीपुस्तक कुणाला काढायचं असेल तर तेही तिथेच. दुसरं, मेस डिपॉझिटच्या कपाटाला आज एकच किल्ली आहे. ती तीन जणांकडे असावी, एक वॉर्डन मॅडमकडे, एक सेक्रेटरीकडे, एक पाळीने कुठल्याही विंगमधल्या एकीकडे. मीटिंग मेसमध्ये आहे, रात्री नऊला, जेवणानंतर.